ओलं आभाळ

पडदा वर जातो तेव्हा दिसतं ते ऑस्ट्रेलियातल्या माली नावाच्या कोरड्या भागातलं एक उघडं अंगण. पत्र्याच्या शेडला माणसापेक्षा उंच हार्डबोर्डवरचं चित्र टेकवलेलं, आणि मागे पश्चिमेकडून लाल धुळीची भिंत आमच्यावर चालून येतेय.

एनिड ट्रँटर जन्मभर गायींच्या धारा काढून उरलेल्या वेळात, घराला लावायच्या तेलरंगांनी दुष्काळी शेतं रंगवत आली. आमच्या फिरत्या नाटक कंपनीचे पडदेही तिचेच. अठ्ठावन्नाव्या वर्षी मेलबर्नच्या प्रदर्शनाने पहिल्यांदाच तिचं एक चित्र मागवलं. ट्रक आजच निघायला हवा होता, आणि चित्रातलं आभाळ अजून ओलं होतं.

"झाकू या का गं?" मी विचारलं.

"कापड चिकटेल. आणि शेडच्या दारातून चित्र आत जात नाही."

"दारापेक्षा मोठं काढायचं कशाला, मावशी?" ट्रकवाला क्लिफ म्हणाला.

"तुला जन्म देताना तुझ्या आईने दार मोजलं होतं का रे?"

मी आणि क्लिफने चित्रासमोर चादर ताणून धरली. वाऱ्याने ती हिसकावून नेली. डोळे उघडले तेव्हा सगळ्या आभाळावर लाल धूळ चिकटली होती.

एनिडने चिंधी उचलली, चित्राजवळ गेली आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मग तिने चिंधी खिशात कोंबली.

"चढव गाडीत, क्लिफ. आणि खड्डे चुकवत ने, मेल्या. या धुळीचा एक कणसुद्धा सांडता कामा नये."