शुभ सकाळऐवजी आकडा

सकाळी सकाळी मोबाईलवर येणाऱ्या फुलांचा मला मनापासून राग आहे. दवात भिजलेला गुलाब, वाफाळता चहा आणि खाली कुणी कुणाला केलेला फुकटचा उपदेश. निवृत्त झाल्यापासून तर ही फुलं टोपलीभर येतात, कारण निवृत्त बाईला दुसरं काय पाठवायचं हे कुणाला सुचत नाही. म्हणून माझी मैत्रीण बंगळूरला मुलाकडे कायमची राहायला निघाली, तेव्हा मी तिला सोलापूर स्टेशनावरच बजावलं, "फुलं पाठवलीस तर नंबर ब्लॉक करीन."

"मग काय पाठवू ओ मॅडम?" ती म्हणाली. तीस वर्षं एका कॉलेजात एका टेबलाशी बसलो, पण मी चार वर्षांनी मोठी म्हणून तिचं 'ओ मॅडम' काही सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा संदेश आला. नुसता एक आकडा: ४. मी स्वयंपाकघरात एकटीच हसले, कारण तिला काय म्हणायचंय ते मला लगेच कळलं.

आम्ही दोघी गणित शिकवायचो. तिचा जीव संख्या सिद्धांतात, माझा तर्कशास्त्रात. दोन्ही विषय आमच्या अभ्यासक्रमात नव्हते आणि शहरात कुणाला त्यांची गरजही नव्हती. तिचा विषय ऐकला की लोक नव्या गाडीसाठी लकी नंबर विचारत, माझा ऐकला की "तुमच्याशी वाद नको बाई" म्हणून उठून जात. त्यामुळे आम्ही एकमेकींनाच सापडलो. शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या तिच्या घरी यंत्रमागांच्या खटखटाटात बसून आम्ही चहा प्यायचो आणि ती तेलुगूत गुणाकार पुटपुटायची.

आमचे दोन्ही विषय जिथे भेटतात असा एक खेळ आहे, तो आम्हाला तिथेच सापडला. चार घ्या. चार म्हणजे दोनाचा दुसरा घात. आता प्रत्येक दोनाच्या जागी तीन ठेवा आणि एक वजा करा. तिनाचा तिसरा घात सत्तावीस, उणे एक, सव्वीस. आता सव्वीस तिनांत मांडा: दोन नऊ, दोन तीन आणि वर दोन. तिनांच्या जागी चार ठेवा, म्हणजे नवाच्या जागी सोळा येतील. बेचाळीस झाले, एक वजा, एक्केचाळीस. पुढच्या खेपेला चाराच्या जागी पाच, मग सहा. पाया, म्हणजे ज्या आकड्यात मांडायचं तो, दर वेळी एकाने वाढतो आणि जातो तो फक्त एक.

"हे वाढायलंय की नुसतं," ती वैतागून म्हणाली होती. "खाली कधी यायचं?"

"येतं. शेवटी शून्यावरच येतं. कुठल्याही आकड्यापासून सुरू केलं तरी."

तर्कशास्त्राने यात जे शोधून काढलं ते मला आयुष्यभर पुरलं. हे विधान खरं आहे, पण साध्या अंकगणिताच्या नियमांत राहून ते सिद्ध करता येत नाही. त्यासाठी आकड्यांच्या बाहेर जावं लागतं. प्रत्येक आकड्याशेजारी एक अनंत राशी चालतेय अशी कल्पना करायची. आकडा कितीही फुगो, ती राशी प्रत्येक पायरीला उतरतच असते, आणि असं उतरणं कायम चालू शकत नाही. मी हे तिला समजावलं तेव्हा तिने कागदावर पुढच्या चार पायऱ्या करून पाहिल्या. मग म्हणाली, "तुमी सांगताय म्हणून मानते. मला तर वाढतानाच दिसायलंय."

चारापासून निघून शून्यावर पोचायला किती पायऱ्या लागतात, ती संख्या नुसती लिहायलाच कोट्यवधी अंक लागतात. म्हणजे शेवट नक्की, पण आमच्या हयातीत नाही. तिने चारच का पाठवला ते यावरून कळावं. मी त्या संध्याकाळी २६ पाठवले. सकाळी तिचे ४१ आले, संध्याकाळी माझे ६०.

मला वाटलं होतं त्याहून या उद्योगाचा मला जास्त नाद लागला. मी एकटी राहते. चार दिवसांआड नळाला पाणी येतं तेव्हा शेजारीण दार वाजवते, एरवी दिवसभर माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. हे मी कुणाला सांगत नाही, कारण लोक लगेच भजनी मंडळाचा पत्ता देतात. पण सकाळी आकडा आला की कुणीतरी कागद घेऊन, डोकं चालवून, माझ्यासाठी दहा मिनिटं बसलंय हे कळायचं. मला तेवढंच हवं होतं.

आकडा लाखाच्या घरात पोचला आणि एका सकाळी चुकीचा आला. चूक साधी नव्हती. लाखाऐवजी काही हजारच होते. मी फोन केला तर तिच्या सुनेने उचलला.

"काकू, आई हल्ली विसरतात. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढतच जाणार. पण सकाळी मोबाईल मागतात आणि तुम्हालाच काहीतरी पाठवतात. चुकलं तर रागावू नका."

रागावणार कसली? फोन ठेवून मी खूप रडले. मग कागद घेतला. तिची चूक दाखवून बरोबर आकडा पाठवावा असं आधी वाटलं, कारण मास्तरकीचा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. पण आपणच सांगितलेलं आठवलं: कुठल्याही आकड्यापासून. तिच्या चुकीपासून निघालं तरी शेवट तोच आहे. मी तिचाच आकडा धरला, पाया बदलला, एक वजा केला आणि पाठवला.

पुढे रोज तसंच चाललं. ती काहीही पाठवायची आणि मी तिथून पुढे जायचे. एकदा सहा आकडी संख्या आली, ओळखीची वाटली. तो तिच्या सोलापुरातल्या घराचा पिनकोड होता. तोही मी प्रामाणिकपणे पुढच्या पायरीवर नेला, फक्त त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आज सकाळी आकडा आलाच नाही. लाल गुलाबांचा गुच्छ आला, वर सोनेरी अक्षरांत 'शुभ सकाळ'. बोटाला जे लागलं ते तिने पाठवलं असणार.

मी गुलाब मोजले. नऊ. म्हटलं, चला, नऊ तर नऊ. कागद ओढला आणि हात थांबला. आमचा पाया आता तीनशेच्या पुढे गेलाय. नऊ त्याहून लहान, म्हणजे त्यात बदलण्यासारखं काहीच नाही. नुसतं एक वजा करत जायचं. तिच्याकडून आता आकडाच येणार नसेल तर आज संध्याकाळी आठ, उद्या सकाळी तिच्या वतीने सात. पाचव्या दिवशी संध्याकाळी शून्य, आणि ते मीच पाठवायचं.

जे कुणाच्या हयातीत संपत नाही म्हणून आम्ही निवडलं, ते या आठवड्यात संपणार होतं.

मी चष्मा पुसला. चित्र दोन बोटांनी मोठं केलं आणि पहिल्या गुलाबापासून पाकळ्या मोजायला सुरुवात केली. पायाहून जास्त, म्हणजे तीनशेच्या बऱ्याच वर भरायला हव्यात. मागच्या, अर्धवट दिसणाऱ्या पाकळ्याही मी सोडत नाहीये.