तात्यांचा पटका आणि सानिकाची उडी

नागपूरहून निघालो तेव्हा स्केटिंग म्हणजे शर्यत, एवढंच मला ठाऊक होतं. कोल्हापूर स्टेशनाबाहेर माझ्या भाचीनं, सानिकानं, बॅग हातात घेण्याआधीच माझं अज्ञान दूर केलं. "मामा, पळायचं नसतंय ह्यात. बर्फावर उड्या, गिरक्या घेत्यात न्हाय, गाण्यावर? तेच, पण चाकांवर." बुटांची चाकं एका रांगेत होती आणि टोकाला उडी मारताना रोवायचा रबरी गुटका.

ताईकडे मिसळ होती. नागपूरकर असल्याच्या तोऱ्यात मी जादा कट (तिखट रस्सा) मागितला आणि दोन घासांत डोळे पुसू लागलो. भाऊजी पोट धरून हसले. ते शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत. हसून झाल्यावर मात्र म्हणाले, "पावणं, ह्या खेळाला हितं कोण इचारतंय? आज स्पर्धेत उडी जमली न्हाय, तर उद्यापासनं शर्यतीची चाकं." सानिका खाता खाता थांबली. लोकांसमोर ती उडी तिला एकदाही जमली नव्हती. मला भाऊजींचा रागच आला.

स्पर्धेच्या हॉलमधली फरशी आरशासारखी होती. सरावाआधी सानिकाचे आजोबा, तात्या, एकटेच मध्यभागी जाऊन वाकले. जुने पैलवान ते. नमस्कार करत असतील, असं वाटलं. सानिका सरावाला आली, तिथंच चाक सरकलं आणि ती धाडकन आपटली. फरशीवर तांबडी माती! कुस्तीआधी कपाळाला लावतात ती तालमीची (आखाड्याची) माती तात्यांनी तिच्यासाठी पसरली होती.

"तात्या, काय केलंसा ह्ये!" भाऊजी ओरडले.

"आशीर्वाद म्हणून टाकली रं," तात्या पुटपुटले. मग त्यांनी डोक्यावरचा पटका (फेटा) सोडला. चारचौघांत तो कधी उतरलेला ताईनंही पाहिला नव्हता. गुडघ्यांवर बसून ते त्या पटक्यानंच फरशी पुसू लागले.

"ऱ्हाऊ द्या की, तात्या," सानिका म्हणाली.

"तू तुजी चाकं पूस."

तिची पाळी आली. गाणं लागलं. गुटका रोवून ती उडाली, हवेत फिरली आणि एका पायावर उतरली. डगमगली, पण उभी राहिली. बोडक्या डोक्यानं तात्या गरजले, "शाब्बास गं वाघिणी!" बक्षीस दुसऱ्याच मुलीला मिळालं. घरी आल्यावर भाऊजी तिच्या बुटांची चाकं फिरवून बघत बसले.

सकाळी दोरीवर पटका वाळत होता. तांबडा डाग काही गेला नव्हता. भाऊजी मला स्टेशनवर सोडायला आले. गाडी हलली तसे खिडकीशी चालत म्हणाले, "नागपुरात चाकं मिळत्यात का बघा. पोरीची झिजल्यात."

"शर्यतीची?" मी मुद्दाम विचारलं.

"उडीची की!"

कोल्हापूरहून लोक गूळ आणतात, चपला आणतात. मी हे काम घेऊन आलो आणि वाटभर खुशीत होतो.