भंडारा शहर निवडल्यावर

भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळच्या बाजारात केशवरावांचं किराणा दुकान. दुकानामागच्या खोलीत त्यांची सून रक्षा लॅपटॉपवर काम करी. कोणत्या गावच्या गिऱ्हाइकाला वेबसाइट काय भाव दाखवते, ते गोळा करणारे पायथॉन या कम्प्युटर-भाषेतले प्रोग्राम ती पुण्याच्या एका कंपनीसाठी लिही.

त्या दुपारी इंटरनेटवाल्याचा फोन केशवरावांना आला. तुमच्या लाइनवरून कोणीतरी लोकांच्या बँकखात्यांत शिरायला बघतंय, प्रकरण पोलिसांत जाईल, असं तो म्हणाला. केशवराव तडक मागच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"कम्प्युटर घरात तुह्याचजवळ आहे, रक्षा. काय करून राहिली तू?"

"मी काईच नाई केलं, मामाजी."

"मंग कोनं केलं? म्या?"

ते गेले. रक्षाला संध्याकाळपर्यंत भंडाऱ्याचे भाव पाठवायचेच होते. वेबसाइट तिचा प्रोग्राम ओळखून अडवत होती, म्हणून कंपनीनं रेसिडेन्शियल प्रॉक्सी घेतल्या होत्या. म्हणजे वेबसाइटला भाव विचारणारी तिची विनंती कुणा अनोळखी माणसाच्या घरच्या इंटरनेटवरून जाणार, आणि वेबसाइटला वाटणार, त्या घरातलंच कोणी बघतंय. तिनं प्रॉक्सीचा पत्ता आणि पासवर्ड प्रोग्राममध्ये घातला, शहर भंडारा निवडलं, आणि विनंती कोणत्या आयपीवरून, म्हणजे कोणत्या इंटरनेट-जोडणीच्या आकड्यावरून, बाहेर पडते ते आधी छापून पाहिलं.

आकडा तिच्या ओळखीचा होता. घरच्या लाइनला कामासाठी घेतलेला कायमचा आयपी तिला तोंडपाठ होता. प्रॉक्सी लागलीच नसेल, असं वाटून तिनं वायफाय तोडून लॅपटॉप मोबाइलच्या नेटवर घेतला. दोन-चारदा दुसरेच आकडे आले. मग पुन्हा तोच. घरचा. म्हणजे घरातलंच दुसरं काहीतरी प्रॉक्सी बनून परक्यांच्या विनंत्या बाहेर सोडत होतं.

ती धावत बैठकीत गेली. केशवरावांनी बाजारातून आणलेला, इंटरनेटवरून फुकट चॅनेल दाखवणारा डबा टीव्हीखाली लुकलुकत होता. तिनं त्याची वायर ओढली. मग कितीदा तरी प्रोग्राम चालवला. घरचा आकडा काही आला नाही.

"काहून बंद केला?" केशवराव दुकानातून आत येत ओरडले.

या डब्यातून परके लोक आपलं इंटरनेट वापरत होते, हे तिनं समजावून सांगितलं. ते खाटेवर बसले. "म्हंजे लोकं आपल्या घरातून जाऊन राहिले होते, अन् आपल्यालेच पत्ता नाई?"

"मीबी तशीच कोनाच्या घरातून जानार होती, मामाजी."

तिनं कंपनीत अश्वजितसरांना फोन लावला. "सर, ज्यांना विचारलेलं नाही, त्यांच्या घरातून मी काम करणार नाही. दुसरी सोय करा."

"भाव संध्याकाळी हवेत, रक्षा."

"नाही मिळणार, सर."

पलीकडून फोन कट झाला. इंटरनेटवाला येऊन डबा घेऊन गेला. वर कळवतो म्हणाला, पण प्रकरण पोलिसांत जाणार नाही, असा शब्द दिला नाही. केशवरावांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं.

"चाल, पोरी," ते म्हणाले. "हा डबा गावात अजून कोनं कोनं घेतला, विचारून येऊ."