बाबांचा हात आणि अडणारा कॉम्प्युटर

पावसाळा सरता सरता आमच्या घरातला कॉम्प्युटर अडायला लागला. मी म्हापशातल्या एका इंजिनिअरकडे घरांचे नकाशे काढते. आठवड्यातले दोन दिवस ऑफिसात जाते, बाकीचे दिवस कोरगावला घरीच बसून काम. विमानतळ झाल्यापासून मोपाच्या बाजूला जो तो घरावर मजला चढवतोय, त्यामुळे कामाला तोटा नाही. पण आता नकाशातली एक भिंत सरकवली, की ती पडद्यावर सरकेपर्यंत मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन यायचे.

घरात आम्ही तिघं. आई, बाबा आणि मी. बाबांनी उभी हयात डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवला. बाबा मारायचे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सकाळी ट्रक सुरू झाला नाही, की खाली सरपटत जाऊन स्टार्टरवर पान्याने घाव घालायचे आणि तो खरोखर सुरू व्हायचा. विहिरीच्या पंपाला लाथ बसायची, टीव्हीला थप्पड. मला शाळेत भूमितीचं प्रमेय येईना, तेव्हा त्यांनी ट्रकच्या जुन्या फॅन बेल्टने माझ्या पोटऱ्या फोडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ते प्रमेय मी न चुकता म्हणून दाखवलं. त्यामुळे त्यांची खात्रीच पटली. आईला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. का, ते आमच्या घरात कुणी बोलत नाही.

अलीकडे मात्र त्यांनी आमच्यावर हात टाकला नव्हता. म्हातारपणाने माणूस निवतो, असं मी धरून चालले होते.

तर कॉम्प्युटर. आधी मी तो बंद करून पुन्हा सुरू केला, मग सगळेच करतात ते केलं. सुरू होताना आपोआप उघडणारे नको ते प्रोग्राम काढून टाकले. जुने नकाशे आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर हलवून जागा मोकळी केली. व्हायरस शोधला, मिळाला नाही. एका रविवारी कॉम्प्युटरचा डबा उघडून बाल्कांवात, दारापुढच्या पडवीत घेतला आणि रंगाच्या ब्रशने आतली धूळ झाडली. पंख्याच्या पात्यांवर आणि कोपऱ्याकोपऱ्यात लाल मातीचा थर होता. मेमरीची पट्टी काढून पुसून पुन्हा बसवली. शेवटी सगळं पुसून विंडोज नव्याने टाकलं. दर वेळी दोन-चार दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच. काहीही चालू नसताना डिस्क शंभर टक्के कामात असल्याचं दिसायचं. कान लावला की आतून टक्, टक्, असा आवाज यायचा. जणू कुणी आत कोंडलंय आणि नखाने दार वाजवतंय.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला मी हे सांगितलं. त्याने विचारलं, "डबा पडला होता का कधी? आपटला होता?"

"नाही. धूळ झाडायला मीच हलवला, तेवढाच."

"मग हादरा कसला बसतोय? जुनी हार्ड डिस्क म्हणजे फिरती तबकडी. तिच्यावर केसाच्या अंतरावर एक टोक फिरत असतं. चालू असताना जोरात हादरा बसला, तर ते टोक तबकडीवर आपटतं आणि चरा पडतो. मग तेवढा भाग वाचायला ती पुन्हा पुन्हा धडपडत बसते. आधी तुझं काम दुसरीकडे उतरवून घे. ती डिस्क आता फार दिवसांची नाही."

घरी येऊन मी पहिल्यांदाच डब्याच्या उजव्या बाजूकडे नीट पाहिलं. पत्रा आत गेला होता. एका जागी नाही, बऱ्याच जागी. रंगाचे टवके उडाले होते. इतके दिवस मी समोर पडद्याकडे बघत बसले होते.

"आई, ह्याला काय लागलंय?"

ती तांदूळ निवडत होती. तिने वर बघितलं नाही. "माका काय ठावक?" म्हणाली.

मला समजायला हवं होतं. ती खोटं बोलते तेव्हा हात थांबवत नाही, उलट भराभर चालवते.

पुढच्या ऑफिसच्या दिवशी वीज गेली म्हणून आम्हाला लवकर सोडलं. पेडण्याला बस पकडून मी दुपारीच घरी पोचले. पायऱ्यांवरच आवाज आला. धाड. थोडा वेळ काही नाही. पुन्हा धाड.

बाबा माझ्या खुर्चीत बसले होते. मी नसताना ते दशावतारी नाटकांचे व्हिडिओ लावतात, हे मला माहीत होतं. त्यात मला काही वाटत नव्हतं. पडद्यावर चित्र थांबलं होतं आणि मधोमध गोल चक्र फिरत होतं. बाबा मूठ वळून डब्यावर घालत होते. रागाने तांबडे वगैरे झाले नव्हते. सुतार खिळा ठोकतो तसं, अंदाज घेऊन, जागा बदलून मारत होते.

"बाबा! काय करताय?"

"मारल्याबगर चलना नाय ह्यो."

"तुमी मारताय म्हणूनच चालत नाही! मी गणपती झाल्यापासून ह्याच्यामागे लागलेय. धूळ काढली, सगळं पुसलं, नव्याने घातलं, आणि मी नसताना तुमी..."

"तू माका शिकवतंस? गाडये चलवून हात झिजले माझे."

"हा ट्रक नाही! आतली डिस्क फोडलीत तुमी. माझं काम आहे त्याच्यात!"

मी वायर काढायला वाकले. त्यांनी कीबोर्ड उचलला आणि माझ्या डोक्यात घातला. आधी कानावर-तोंडावर, मग खांद्यावर. बटणं उडून जमिनीवर सांडली. ओठाला खारट लागलं. हे सगळं इतकं ओळखीचं होतं, की माझे गुडघे आपोआप वाकायला लागले. लहानपणी मी अशीच खाली बसायचे, डोकं गुडघ्यांत घालून.

पण मी बसले नाही. तिसऱ्यांदा त्यांचा हात वर गेला तेव्हा मी तो मनगटात धरला.

मला वाटलं होतं, ते झटकून टाकतील. पण हाताला जोरच नव्हता. कातडीखाली सुटी हाडं लागत होती. ते ओढायला लागले तशी मी आवळत गेले. कीबोर्ड खाली पडला. मी मनगट पिरगाळलं. बाबा खुर्चीवरून घसरून गुडघ्यांवर आले, आणि तरी मी पिरगाळतच होते. त्यांचं तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता. मला थांबायचं नव्हतं. मला बरं वाटत होतं. अंगात इतकं बळ असल्याचं मला तोवर कधीच कळलं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. ती धावून येईल, मध्ये पडेल, माझा हात सोडवेल, असं मला वाटलं. जन्मभर ती मध्येच पडत आली होती.

ती हलली नाही. हळू आवाजात म्हणाली, "सोडू नको."

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यात राग नव्हता, घाई नव्हती. बाजारात मासे निवडताना "हे घाल" म्हणावं तसं ती म्हणाली. त्या आवाजाने माझ्या अंगावर काटा आला आणि मी हात सोडला. पण त्याआधी आत काहीतरी वाळकी काटकी मोडावी तसं वाजलं होतं.

पेडण्याला डॉक्टरांनी हाताचा एक्स-रे काढला. मनगटाला चीर होती. "कसं झालं?" त्यांनी विचारलं. माझा ओठ सुजलेला त्यांना दिसत होता. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. "न्हाणीत पाय सरकलो," म्हणाले. आई डॉक्टरांना जे सांगायची, तेच शब्द. मीही मान डोलावली. खरं सांगितलं असतं, तर दोघांचंही सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी बाबा औषध घेऊन झोपले. मी जमिनीवरची बटणं गोळा करत होते. आई शेजारी येऊन बसली.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"होय."

"मग सांगितलं का नाहीस? मी वेड्यासारखी तो डबा उघडून बसायचे. तू चहा आणून द्यायचीस."

ती एक बटण हातात घेऊन फिरवत राहिली. मग म्हणाली, "बाय, डब्याक मारता तवसर तो माका मारणा नाय."

मी हातातली बटणं खाली ठेवली. मी दोन दिवस म्हापशाला असायचे, तेव्हा ह्या घरात काय चालायचं, ते मी एकदाही विचारलं नव्हतं. म्हातारपणाने कुणी निवलं नव्हतं.

डिस्क मरायच्या आत बहुतेक नकाशे उतरवून घेता आले. काही गेले, ते पुन्हा काढले. नवी डिस्क आणली, आत काहीच न फिरणारी, आणि मीच बसवली. मेज उचलून माझ्या खोलीत नेलं. कॉम्प्युटर आता बोट लावायच्या आत उघडतो.

बाबांचं प्लास्टर निघालं. त्यांनी पुन्हा हात उगारला नाही असं मी लिहिलं असतं, पण एकदा उगारला, डावा. आमटी अळणी होती. आईने नुसतं सांगितलं, "बाय घरात आसा." तो खाली आला. मी आतून ऐकलं. आई आता निवांत झोपते आणि मला बरं वाटायला हवं. पण ह्या घरात आता सगळे ज्याला भितात, तो हात माझा आहे.

परवा बाबा माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

"जरा नाटक लावशी?"

मी लावलं. त्यांच्यासाठी खुर्ची पुढे केली. ते बसले. मेजावर माझा चहाचा कप होता. तो घ्यायला मी त्यांच्यासमोरून हात लांब केला, तेव्हा बाबांनी डोळे घट्ट मिटले आणि मान खांद्यात ओढून घेतली. मी कप घेतला. त्यांनी डोळे उघडले, नाटकाकडे बघायला लागले. मी बराच वेळ तिथेच उभी होते. चहा गार झाला.