वेन्देलीन न्हाव्याचे बारा रणगाडे

वेन्देलीन कोउत्नीची कात्री आणि जीभ एकाच वेगानं चालत. चेक देशातल्या मोराव्हिया प्रांतात, एका लहानशा गावात, चर्चसमोरच्या चौकात त्याचं न्हाव्याचं दुकान होतं. वयाची सत्तरी उलटली तरी त्यानं दुकान सोडलं नव्हतं, कारण घरी ऐकणारी फक्त बायको, आणि दुकानात खुर्चीला खिळलेली माणसं.

राजकारणाबद्दल त्याचं म्हणणं असं, की ज्याला कधी बसथांब्यावर ताटकळावं लागलं नाही, त्याला महापौर करू नये. निवडणुकीला उभे राहणारे सगळेच त्याच्याकडे केस कापून घेत, आणि मानेवर वस्तरा असताना सगळेच त्याच्याशी सहमत होत. चव न घेता सूपात मीठ घालणाऱ्यावर तो विश्वास ठेवत नसे. असा माणूस विचार न करता कायदेही करील, म्हणे. बायको द्राहोमीरा म्हणायची, वेन्दाचं मत नाही असा विषय देवाला अजून घडवायचाय.

पण त्याचा खरा राग शाळेवर. पोरांना अ‍ॅमेझॉन नदी कुठे उगम पावते ते पाठ, आणि घरामागचा ओढा कुठे जातो त्याचा पत्ता नाही. इतिहास म्हणजे तर नुसती सनावळी. ऑक्टोबरातल्या एका दुपारी हे सगळं तो तावातावानं सांगत होता, तेव्हा खुर्चीत गळ्याभोवती कापड गुंडाळून बसल्या होत्या शाळेच्या मुख्याध्यापिका, राद्मिला श्वेत्सोवा. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कोउत्नीसाहेब," त्या म्हणाल्या, "गुरुवारी तिसरा तास सातवीचा. धडा अडुसष्ट सालाचा आहे. तुम्हीच या शिकवायला."

मागे बाकावर तीन गिऱ्हाइकं बसली होती. माघार घ्यायची सोय राहिली नाही.

तसं अडुसष्ट साल म्हणजे त्याचा हुकमी एक्का. त्या ऑगस्टात रशियाचे रणगाडे देशात घुसले आणि रेडिओवरून लोकांना सांगितलं गेलं, रस्त्यांवरच्या पाट्या काढा, म्हणजे त्यांना वाट सापडणार नाही. पंधरा वर्षांच्या वेन्देलीननं मामेभाऊ ल्युबोरला घेऊन तिठ्यावरची पाटी उलटी फिरवली, आणि रणगाडे थेट माशांच्या तळ्यात. ही गोष्ट दुकानात तीस वर्षं चालली होती. सुरुवातीला रणगाडे दोन होते. ल्युबोर कॅनडाला गेल्यावर पाच झाले. अलीकडे बारा होते, आणि त्यांचा एक अधिकारी तळ्याकाठी बसून रडतही असे.

गुरुवारी द्राहोमीरानं त्याला इस्त्रीचा शर्ट काढून दिला. "तिथं कोणाच्या मानेवर वस्तरा नसणार," ती म्हणाली. "जरा जपून."

वर्गात पहिली दहा मिनिटं त्यानं सनावळीवर टीका केली. मुलं जांभया देऊ लागली. मग तो तिठ्यावरच्या पाटीच्या गोष्टीवर आला, तशी सगळी सावरून बसली. तळ्याशी पोचतो न पोचतो तोच पहिल्या बाकावरच्या चष्मेवाल्या मुलीनं विचारलं, "आजोबा, रणगाडे किती होते?"

तिच्या हातात पेन होतं. वेन्देलीननं पाहिलं, वीसच्या वीस मुलं वह्या उघडून बसली होती. दुकानात कधी कोणी काही लिहून घेतलं नव्हतं. बारा हा आकडा त्याच्या ओठांवर आला आणि तिथंच अडला. मुख्याध्यापिका मागच्या भिंतीशी उभ्या होत्या.

"एकही नव्हता," तो म्हणाला.

मुलीनं वहीवरून पेन उचललं. "मग तळ्यात कोण गेलं?"

"तळ्यातही कोणी गेलं नाही. रणगाडे आमच्या गावाकडे फिरकलेच नाहीत. पाटी मात्र आम्ही फिरवली होती, ते खरं. वाट चुकली ती फक्त पावाची गाडी. चालक नवा होता. दोन दिवस गावात पाव नाही. माझी आई साऱ्या गावात विचारत फिरत होती, की हा गाढवपणा कोणाचा, आणि मी तिच्याबरोबर फिरून तेच विचारत होतो."

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले शिक्षक डोकावून गेले. मग प्रश्नांची झुंबड उडाली. आईला कळलं का? दोन दिवस काय खाल्लं? भीती वाटली का?  भीती वाटली, म्हणाला. पाटी फिरवत होतो तेव्हा रणगाडे येणार नाहीत हे कुठे माहीत होतं? हे त्यानं आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा.

संध्याकाळपर्यंत गोष्ट गावभर झाली. दुसऱ्या दिवशी पहिल्याच गिऱ्हाइकानं खुर्चीत बसता बसता विचारलं, बारा रणगाडे भंगारात विकले काय? खाटकानं पावाची लादी पाठवून दिली, वर चिठ्ठी, की हा पाव वाट चुकला नाही. वेन्देलीन आठवडाभर गप्प होता. इतका, की लोकांना काळजी वाटू लागली.

मग ही गोष्ट ऐकून शेजारच्या गावातून मिलुश्का नावाची पांढऱ्या केसांची बाई आली. केस कापायचे नव्हते. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "तो नवा चालक माझा बाप."

वेन्देलीननं कात्री खाली ठेवली.

बाप वाट चुकून त्यांच्या गावात आला होता, ती सांगू लागली. तिथं भीतीपोटी लोकांनी साठेबाजी केलेली, दुकानं रिकामी. त्यानं गाडी चौकात उभी केली आणि सगळा पाव वाटून टाकला. पाव घ्यायला रांगेत एक मुलगी होती. पुढल्या वर्षी दोघांचं लग्न झालं.

"ती माझी आई," मिलुश्का म्हणाली. "पाटी कोणी फिरवली ते बाबांना मरेपर्यंत जाणून घ्यायचं होतं. शिव्या द्यायला नाही हो. लग्नाला बोलवायचं राहून गेलं म्हणून."

त्या दिवशी दुकान दुपारीच बंद झालं. वेन्देलीन तिला घरी घेऊन गेला, द्राहोमीरानं बदकाचं मांस आणि कोबी वाढला, आणि रात्रीपर्यंत मिलुश्काच बोलत राहिली. वेन्देलीन ऐकत होता. मध्ये दोनदा त्यानं तोंड उघडलं, ते नीट समजून घ्यायला काही विचारण्यासाठी.

पुढल्या महिन्यात वेन्देलीन आणि मिलुश्का मिळून उरलेली गोष्ट सांगायला सातवीच्या वर्गात गेले. चष्मेवाल्या मुलीनं वही उघडून ठेवली होती.