होडीचा पाळणा बांधणारे दाजी

श्री. दाजी कोचरेकर यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांचा ओरडा खाऊन. मालवणच्या आमच्या खाडीकाठी मी आणि शेजारचे चौघे जण माझी होडी माडाच्या ओंडक्यांवरून वर ओढत होतो. तळ जांभ्या दगडावर करकरत होता. मुंबईच्या गोदीतून निवृत्त होऊन नुकतेच गावी आलेले एक गृहस्थ बांधावर थांबले आणि कडाडले, "गो बाये, म्हशीक पण असा कोण ओढीत नाय!" मला राग आला. कोण कुठले हे, आणि मला शिकवतात! गौरवलेखात गोडच लिहायचं असतं म्हणे, पण पहिल्या दिवशी मला दाजी अजिबात आवडले नव्हते, हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

माझे यजमान मुंबईत नोकरीला. पर्यटकांना खाडी दाखवायची होडी मीच चालवते. बाईमाणसाच्या होडीत बसायला सुरुवातीला गावातलं कोणी तयार नव्हतं. हे कळल्यावर दाजी दुसऱ्याच आठवड्यात आपल्या पत्नीला, आमच्या वहिनींना, घेऊन आले, पुढच्या फळीवर ऐटीत बसले आणि धक्क्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चल गो, माका वारो खावचो आसा." त्या दिवसापासून माझा राग गेला. इंजिनाचं काम मी त्यांच्याकडूनच शिकले. एक स्क्रू चुकीच्या जागी ठेवला तर ते दिवसभर बोलत नसत.

पण माझी खरी काळजी इंजिनाची नव्हती, तळाची होती. ओहोटीला होडी दगडावर बसायची, दगडाला चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी खरवडली जायची. फायबरला ठिगळावर ठिगळ लागत होतं. मागच्या तपासणीला आलेले साहेब स्वच्छ म्हणाले, "बाई, पुढच्या वेळी तळाला नवीन जखम दिसली तर परवाना मिळणार नाही." होडी गेली असती तर माझ्याकडे दुसरं काय होतं? मी दाजींच्या ओट्यावर जाऊन रडले. त्यांनी रडू दिलं, मग म्हणाले, "होडी दगडार ठेवकच नको. पाण्याच्या वर टांगूया."

होडी उचलायचा हा सांगाडा, म्हणजे गावाच्या तोंडी 'दाजींचा पाळणा', असा: पाण्यात चार लोखंडी खांब, वर तुळया, त्यांना तारेच्या दोरांनी लटकलेल्या रबराने मढवलेल्या दोन फळ्या. होडी भरतीला फळ्यांवर आणायची आणि चेनपुलीने वर ओढून घ्यायची. फळ्या कुठे टेकवायच्या हे ठरवायला दाजी होडीखाली सरपटत गेले आणि फणस वाजवून बघावा तसा त्यांनी सगळा तळ बोटांनी वाजवून पाहिला. जिथे भरीव आवाज आला तिथे खडूची खूण. "भार हयसर. हयसर सोडून खंय नाय."

खांब रोवले ते भटजींना विचारून, पौर्णिमेच्या मुहूर्तावर. त्याच भरतीला पाण्याची खूण केली आणि त्या मापाने दोर कापले. पुढच्या पौर्णिमेला पाळणा सुरू करायचा ठरला. वाडीतली वीस-पंचवीस माणसं जमली, नारळ फुटला, मी इंजिन सुरू केलं. आणि दाजींनी दोन्ही हात वर केले.

"होडी आत घेव नकात! माझी चूक झाली!"

दाजी कपाळावर हात मारून सांगू लागले, "मी उधाणाचा पाणी मापलंय रे. मुहूर्ताच्या नादात अष्टमीचो भांग इसारलंय." पौर्णिमेला पाणी चढतं तेवढं भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत चढत नाही. त्या दिवशी होडी आत गेली असती, पण आठवड्याने दोर आखूड पडले असते, फळ्या पुरेशा बुडाल्या नसत्या आणि आत शिरतानाच होडीचा तळ त्यांच्यावर आपटला असता. समुद्राकाठी जन्मलेली आम्ही सगळी माणसं तिथे होतो, एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. कोणीतरी पुटपुटलं, आता नारळ फुटला, थांबणं बरं नव्हे. दाजी म्हणाले, "नारळ फुटलो तो फुटलो. होडी फुटूक नको."

पावसाळा तोंडावर असताना ते आठ दिवस थांबले. अष्टमीला, या वयात, छातीभर पाण्यात बांबू धरून उभे राहिले आणि भरती पुरती होईपर्यंत हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी एसटीने कणकवलीला जाऊन लांब दोर स्वतः घेऊन आले. चारचौघांत 'चुकलो' म्हणणारी माणसं मी फार कमी पाहिली आहेत. दाजींकडून मी शिकले त्यात हे सगळ्यात मोठं.

जूनच्या वादळात खाडी खवळली तेव्हा होडी पाण्याच्या वर, चारही बाजूंनी बांधून, नुसती झुलत होती. नंतर मी तिच्याखाली उभी राहून सगळ्या तळावरून हात फिरवला. एक ओरखडा नव्हता. किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला म्हणून सांगू!

पावसानंतर तपासणी झाली. साहेबांनी तळ दोनदा पाहिला आणि सही केली. या सगळ्यात दाजी मात्र कुठेच दिसले नाहीत. मी धावत त्यांच्या घरी गेले. ते मागीलदारी पाटावर बसले होते, समोर पेज तशीच, वर साय धरलेली. वहिनी म्हणाल्या, "सकाळपासून घास उतरूक नाय त्येंच्या घशाखाली."

"दाजी, पास झाली!"

त्यांनी डोळे पुसले, लपवायचा प्रयत्नही केला नाही. मग वहिनींकडे वळून म्हणाले, "मगे गरम पेज वाढ गो. माका भूक लागली."

दाजींना पंचाहत्तर वर्षं पुरी होत आहेत. आई भराडीदेवीकडे माझं एवढंच मागणं आहे: त्यांचे हातपाय धड राहोत, ओरडण्याइतका आवाज राहो, आणि पुढची कितीतरी वर्षं रोज सकाळी त्यांना अशीच कडकडून भूक लागो.