पत्रिका छापून झाल्या आणि कॉन्ट्रॅक्टर अडून बसला

मंडळी, आज आमच्या पनवेलच्या घरावर वरचा मजला बांधायचा म्हणून इंजिनिअर तपासणीला आले होते. स्लॅब ठोकून बघितला आणि म्हणाले, "कोणी केलंय हे काम? एक तडा नाही!"

मला एकदम त्र्याण्णव साल आठवलं. बाबांनी कुणालाही न विचारता वास्तुशांतीचा मुहूर्त काढला, पत्रिकाही छापल्या. स्लॅब ओतून तेव्हा जेमतेम दहा दिवस झालेले. आमचे कॉन्ट्रॅक्टर जवळच्या नेरे गावचे जनूभाऊ. मुहूर्ताआधी घर मोकळं करायला स्लॅबखालचे टेकू काढा म्हटलं, तर त्यांनी साफ नकार दिला.

"सायेब, लायसन माजं हाय. स्लॅब अजून कच्चा हाय, खाली तुमची पोरं झोपनार. एकवीस दिस झाल्याबिगर मी एक टेकू हलवनार नाय."

बाबा जाम भडकले. शेवटी एकेका पत्रिकेवरची तारीख पेनने खोडून नवी लिहिली. आठवडाभर जनूभाऊंशी बोललेसुद्धा नाहीत.

आज बाबांनीच त्यांना फोन लावला. "जनूभाऊ, वर मजला बांधतोय. तुमच्या मुलाला पाठवा."

"पाठवतो, सायेब. पत्रिका छापल्या नाय ना?"

बाबा खो खो हसत सुटले. इतकी वर्षं आम्ही त्या स्लॅबखाली निवांत झोपतोय.

तुमचं घर बांधताना असा तोंडावर नाही म्हणणारा माणूस तुम्हाला भेटला होता का?